कच्चा लाल

"माझ्या कवंदीचे रंग फेलसीकाकी मांडेल," लुर्दू म्हणाली, आणि पेज ढवळता ढवळता इनासिनचा हात थांबला.

लेकीचं लग्न तेरा दिवसांवर आलं होतं, आणि तिच्याबरोबर सासरी चिंध्यांची गोधडी, म्हणजे कवंद, जायची होती. चुलीपाशी सगळं घर जमलं होतं. इनासिनचा नवरा जुजे, धाकटा दीर पेदरू, त्याची बायको फेलसी, आणि कालच मुंडगोडहून दोन पिशव्या नि चार गावांच्या बातम्या घेऊन उतरलेली नणंद ब्रिजित. भिंतीला टेकून सासू बसली होती. तिला घरातले, वस्तीवरचे, सगळे मांयच म्हणत.

जुजेनं उगाचच खिशात विडी शोधली. ब्रिजितचे डोळे तेवढे चमकले. भावाच्या घरी भांडण नसलं की तिला प्रवास फुकट गेल्यासारखा वाटायचा.

"का गं?" इनासिननं विचारलं. "आई मेली का तुझी?"

"असं काय बोलतेस! शिवायला तू आहेसच की. तुझ्यासारखा टाका कुणाचा आहे?"

"म्हणजे टाका माझा आणि रंग तिचे."

"आई, तू मांडलेली कवंद आम्ही कधी बघितलीच नाही ना," लुर्दू म्हणाली. पोरगी खोटं बोलत नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

कवंद शिवायला कितीही हात चालतात, मांडायला मात्र नजर एकच लागते. खाली जुनी साडी अंथरायची, कोपऱ्यापासून चिंध्या ठेवत, त्यांच्या कडा बोटानं दुमडत, धावदोरा घालत गोल गोल मधे यायचं. कुठल्या तुकड्याशेजारी कुठला, हे एकीनंच ठरवायचं. दोघींनी ठरवलं की आमटीत मीठ दोनदा पडतं, असं मांय म्हणायची, आणि चाळीस वर्षं ती एकटीच ठरवत आली होती. इनासिन बावीस वर्षांपूर्वी या घरात आली आणि मांयच्या समोरच्या कोपऱ्यात शिवायला बसली. सुरुवातीला कधीतरी एखादा तुकडा उचलून "मांय, इथं हा ठेवू?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. "ठेव तो खाली. तू शीव." पुढं पुढं तिनं विचारणंच सोडलं. पण मांयनंतर मांडणार ती आपण, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. ते कुणी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरज आहे असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

मग मांयच्या डोळ्यांत काचबिंदू आला. मागच्या पावसाळ्यात तिनं वस्तीच्या मुखियाच्या घरची कवंद मांडली, ती शेवटची. काळ्याशेजारी गर्द निळा गेला, चॉकलेटीला लागून जांभळा. मधला सगळा भाग एका मोठ्या डागासारखा दिसायला लागला. कुणी हसलं नाही. मुखियाच्या सुनेनं "छान झालीय हो" म्हणून घाईघाईनं घडी घातली, तेवढ्यावरून मांय काय ते समजली. त्यानंतर चिंध्यांच्या गाठोड्याला तिनं हात लावला नाही.

आणि ही फेलसी! घरात येऊन पुरती तीन वर्षं झाली नव्हती. कानामागून आली आणि तिखट झाली. टाका म्हणाल तर वाट चुकलेल्या बकरीसारखा, या झाडाकडून त्या झाडाकडं. पण तिनं बालवाडीच्या बाईंच्या बाळाला पाळण्यात घालायला एक टीचभर कवंद मांडली होती, आणि लोक अजून तिचं नाव काढत होते. इनासिनच्या समोर काढत होते.

"मांय, तुम्हीच सांगा आता," इनासिन म्हणाली.

मांयनं पेजेचं भांडं चाचपून खाली ठेवलं. "कवंद जिची, मर्जी तिची," ती म्हणाली. विषय संपला.

भांडी घासताना ब्रिजित शेजारी येऊन उकिडवी बसली. "वहिनी, तू गप्प कशी बसलीस गं? मी असते तर गाठोडंच विहिरीत टाकलं असतं. स्वतःच्या पोरीच्या लग्नात तुला मजुरीला बसवलंय."

"बसवू देत."

"बसवू देत काय! आईचंही मला कळत नाही. म्हातारपणी माणसाला नवं ते गोड लागतं."

इनासिननं राख इतकी जोरात घासली की पातेल्याचं बूड चकाकलं. वन्सं आगीत तेल ओततायत, हे तिला कळत होतं. पण त्या रात्री जेवल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तिच्या बाजूनं बोललं होतं, आणि तेवढ्यासाठी तिनं ते तेल चालवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत गाठोडी सुटली. लुगडी, परकर, झंपर, लुंग्या, शाळेचे फाटके झगे. फेलसीनं पदर खोचला आणि दोन ढीग करायला घेतले. रंगांचे नव्हे. एक उजळ कपड्यांचा, एक गडदांचा. मधेच उठून ती अंगणात पेरूच्या झाडापर्यंत मागं जायची, डोळे बारीक करून बघायची, परत यायची, एखादा तुकडा या ढिगातून त्या ढिगात टाकायची.

"डोळ्यात काही गेलं का?" इनासिननं विचारलं.

"नाही अक्का. डोळे किलकिले केले की जे दोन तुकडे एक दिसतात ना, ते शेजारी ठेवायचे नाहीत. माझी आजी सांगायची."

"आम्ही आपले उघड्या डोळ्यांनी बघतो बाई."

ब्रिजित खुदकन हसली. फेलसी हसली नाही, रागावलीही नाही. तिला ते टोमणे कापडाच्या धुळीसारखे लागतच नसत, आणि त्यानं इनासिनचं डोकं आणखी फिरायचं.

इनासिनकडे एक पिवळा झंपर होता, हळदीसारखा, अजून तेज न गेलेला. लेकीच्या कवंदीत आपलं काहीतरी असावं म्हणून तिनं तो पुढं केला. बरोबर ब्रिजितच्या साडीतला नारिंगी काठ. "हे दोन एकत्र लाव. झेंडू फुलल्यासारखं दिसेल."

फेलसीनं दोन्ही तुकडे जमिनीवर ठेवले. मान वाकडी करून पाहिलं. "झोपले की दोघं."

"काय?"

"एकाच घरचे आहेत ते अक्का. एकमेकांना धक्काच देत नाहीत. पिवळ्याला वांगी रंग द्या शेजार, बघा कसा खडबडून उठतो." तिनं गडद ढिगातून एका फाटक्या परकराचा तुकडा काढला, वांग्याच्या सालीसारखा, आणि पिवळ्याला चिकटवून ठेवला.

पिवळा उठला. खरंच उठला. इनासिनला ते दिसलं, आणि तेच वाईट झालं. दिसलं नसतं तर फेलसीला वेडी म्हणून मोकळं होता आलं असतं. आता जे टोचत होतं ते काय आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. हेवा. दर शनिवारी फादरपुढं गुडघे टेकून ती बारीकसारीक पापं सांगायची, शेजारणीला शिवी दिली, उपासाला सुकट खाल्ली. हे मात्र सांगायला तिची जीभ कधी वळली नव्हती.

पांढऱ्यासाठी मांयनं सासऱ्यांचे तीन सदरे काढून दिले. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. "घ्या," मांय म्हणाली. "जिवंतपणी कुणाच्या उपयोगी पडला नाही, आता तरी पडू दे." सगळ्या हसल्या. मांयही हसली, मग एक सदरा हातात घेऊन बराच वेळ कॉलर चाचपत राहिली.

दुपारपर्यंत सगळं लागलं. लाल तेवढा राहिला. गाठोड्यातले लाल सगळे विटलेले, कुणी विटकरी, कुणी गुलाबी पडलेला. फेलसीनं एकेक पांढऱ्याशेजारी ठेवून पाहिला आणि उचलून टाकला.

"पांढरा एवढा कडक आहे, त्याच्यासमोर हे सगळे दमलेले. लाल असा पाहिजे की पांढऱ्याला भांडला पाहिजे."

"मग आता?" लुर्दूनं विचारलं.

"उद्या हल्याळला जाते."

ती गेली आणि दोन हात नवं लाल कापड घेऊन आली. मिरची पिकल्यावर असतो तसला लाल. लुर्दूनं ते गालाला लावलं. ब्रिजित म्हणाली, "अगं, नवं कापड?" आणि फेलसी म्हणाली, "एवढंच. बाकी सगळं जुनं."

कवंदीत नवं कापड घालत नाहीत. एक अख्खा पावसाळा अंगावर गेलेलं, दगडावर आपटलेलं, ज्याचा जायचा तो रंग जाऊन चुकलाय असंच घालतात. वस्तीवरची दहा वर्षांची पोरसुद्धा हे सांगेल. संध्याकाळी फेलसी पाण्याला गेली तेव्हा इनासिन आत गेली, दोरीवरचं ते कापड ओढलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि घासला.

अंगठा लालभडक झाला.

पहिल्या धुण्यालाच हा लाल फुटणार होता. सासऱ्यांच्या सदऱ्यांवर, पिवळ्यावर, सगळ्यावर पसरणार होता. इनासिननं अंगठा परकराला पुसला. सांगायचं होतं तिला. देवाशपथ सांगायचं होतं. भात वाढताना तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात लुर्दूनं फेलसीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "काकी, तो लाल बघून माझ्या अंगावर काटा आला बघ."

इनासिननं तोंड मिटलं आणि जुजेच्या पानात भात वाढला. मांडा, मनात म्हणाली. मांडा हौसेनं. बालवाडीच्या बाईंनाही बोलवा बघायला.

पुढचे दोन दिवस फेलसी माहेरी होती, लग्नाचं सांगायला आणि आईला भेटायला. लाल कापडही बरोबर घेऊन गेली, "आईला दाखवते" म्हणाली. परत आली ती सरळ कातरीच घेऊन बसली. त्यानंतर आठ दिवस पडवीत दुसरं काही चाललं नाही.

कवंद वाढत गेली तशी वस्ती बघायला येऊ लागली. कडेनं गडद निळ्याची पट्टी, मग वांगी आणि पिवळा, मग चौकोनांच्या पोटात लाल आणि पांढरा, लाल आणि पांढरा, त्यावर हिरव्या-काळ्या बारीक टिकल्या. बायका दारातूनच "अगं बाई!" म्हणत आत यायच्या. कुणी टाक्याकडं बघायचं नाही. टाका चांगला असला की तो दिसत नाही, खराब असला की दिसतो. हे इनासिनला आधीही ठाऊक होतं, पण याचा एवढा राग कधी आला नव्हता.

आणि गंमत म्हणजे ती जीव ओतून शिवत होती. लाल तुकड्यांच्या कडेनं तिचे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे सारखे पडत होते. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. सुई चालायची आणि डोक्यात दुसरंच चालायचं. पहिलं धुणं. पांढरं सगळं गुलाबी. मग सगळीकडून एकच प्रश्न, मांडली कुणी? नाव फेलसीचं. ती ते चित्र जिभेवर गुळाचा खडा घोळवावा तसं घोळवायची.

पाचव्या दिवशी मांय सरकत सरकत कवंदीपाशी आली. बोटांनी चाचपत गेली, एकेका तुकड्यावर थांबत.

"हा लाल ना?"

"कसं कळलं मांय?" लुर्दूनं विचारलं.

"सगळे त्याच्याजवळ आले की गप्प होतात." मग तिनं मान वळवली. फेलसीकडं नाही, इनासिनकडं. "कापड जुनं आहे ना गं?"

फेलसीची सुई थांबली. इनासिनची थांबली नाही.

"हो मांय. जुनंच."

ब्रिजितनं झटकन वर पाहिलं. नव्या कापडाची गोष्ट तिलाही ठाऊक होती. पण गेले दोन दिवस तिचा वारा फिरला होता. स्वतःच्या धाकट्या मुलीचं पुढच्या वर्षी जमत होतं, आणि "फेलसी, आमची कवंद तूच मांडायची हं" असं तिनं तीनदा सांगून ठेवलं होतं. तिनं पुन्हा मान खाली घातली.

मांयनं हात काढून घेतला. "बरं," ती म्हणाली, आणि जाऊन आपल्या भिंतीला टेकली.

लग्नाच्या आदल्या दिवशी कवंदीला पाणी शिंपडायला फादर येतात. तोवर कवंद पुरी करत नाहीत. मधली वीतभर जागा, तिला पोट म्हणतात, ती उघडी ठेवतात. फादर प्रार्थना म्हणतात, पेल्यातलं पाणी पेरूच्या डहाळीनं कवंदीवर शिंपडतात, मग पोटात तांदळाचे चार दाणे घालून शेवटचा तुकडा शिवतात. उपाशी कवंद ऊब देत नाही. अंगणात मांडव पडला होता, दमामाचे ढोल तापवून ठेवले होते, विहीणबाई आपल्या बायकांना घेऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या. कवंद दोन खाटा जोडून पसरली होती. चारी कोपऱ्यांवर चिंध्यांची दुमडलेली फुलं लागली होती, कारण फुलांवाचून कवंद नागडी दिसते.

"काय दिसतेय हो!" विहीणबाई म्हणाल्या. "हिच्यासमोर आमच्या दहा फिक्या. मांडली कुणी?"

"माझ्या भावजयीनं," ब्रिजित तत्परतेनं म्हणाली. "धाकट्या."

इनासिन मागं उभी होती, हातात तांदळाची वाटी.

"बरं झालं," विहीणबाई बायकांकडं वळून सांगू लागल्या. "आमच्याकडं पहिल्या सोमवारी नवी सून आपली कवंद नदीवर धुते. अख्ख्या गावाच्या बायका काठावर असतात. सुनेचं पहिलं काम ते. माझ्या वेळी माझ्या कवंदीचा निळा गेला होता. तीस वर्षं झाली, अजून मला निळी म्हणतात मेल्या!" सगळ्या खो खो हसल्या. विहीणबाईही हसल्या, पण तीस वर्षांनंतरही त्यांना ते हसू सहज येत नव्हतं.

इनासिनच्या डोळ्यांपुढं नदी आली. इतके दिवस तिनं ते धुणं मनात पाहिलं होतं, पण त्यात माणूस म्हणून एकटी फेलसी होती. आता पाण्यात गुडघाभर उभी लुर्दू दिसली. परक्या गावात, हातात गुलाबी झालेली कवंद, आणि काठावर हसणाऱ्या बायका. नदीवर जाणार होती ती तिची पोर. फेलसी नव्हेच. एवढी साधी गोष्ट आपल्याला दहा दिवस सुचली नाही? की सुचूनही आपण तिकडं बघितलं नाही?

फादरनी प्रार्थना संपवली. डहाळी पेल्यात बुडवली. हात वर गेला.

"थांबा!" इनासिन ओरडली. वाटी हातातून पडली, तांदूळ अंगणभर झाले. "फादर, थांबा. पाणी घालू नका. लाल कच्चा आहे."

फादरांचा हात वरच राहिला.

"काय म्हणतेस?" जुजे पुढं आला.

"नवं कापड आहे ते. रंग जातो त्याचा. मी बघितलंय, अंगठ्यानं घासून बघितलंय. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे." तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. एकदा सुटलं होतं ते सगळं बाहेर येणार होतं. "मांयनं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मला फेलसीचा हेवा वाटत होता. माझ्या पोरीची कवंद नासली तरी चालेल, पण हिचं नाव जावं असं वाटत होतं मला. घ्या. झालं?"

फादरांच्या हातातल्या डहाळीवरून पाणी ठिबकत होतं, त्यांच्याच पायावर.

फेलसी पुढं आली. चेहरा उतरलेला होता, पण आवाज स्थिर होता. "शिंपडा, फादर."

"अगं पण ही म्हणतेय..."

"शिंपडा तुम्ही."

तिनं वाटही पाहिली नाही. फादरांच्या हातातला पेला घेतला आणि कवंदीवर मधोमध उपडा केला. लाल भिजला, पांढरा भिजला. लोक वाकून बघत राहिले. पांढरा भिजलेल्या पांढऱ्यासारखाच दिसत होता. सदऱ्याच्या कापडावर लालीचं बोटसुद्धा नव्हतं.

"माहेरी नेऊन तीनदा उकळलंय मी," फेलसी म्हणाली. "मीठ आणि तुरटी घालून. पाणी स्वच्छ येईस्तोवर."

"मग सांगितलं का नाहीस?" लुर्दूनं विचारलं.

फेलसी इनासिनकडं बघत होती. "त्या दिवशी भात वाढताना अक्कांचा अंगठा लाल होता. मला कळलं त्यांनी बघितलंय. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मग मलाही चेव आला. म्हटलं, बघू तरी कुठवर गप्प बसतात." ती थांबली. "मीही काही चांगली वागले नाही."

"तू कशाला वाईट वाटून घेतेस गं," ब्रिजित म्हणाली. "चूक कुणाची ते सगळ्यांनी ऐकलंय."

लुर्दूनं आईकडं वळून विचारलं, "पहिल्या दिवसापासून?"

इनासिननं मान हलवली.

"रोज माझ्या शेजारी बसून शिवत होतीस की गं."

लुर्दू उभी राहिली, खाटेवरची कवंद सारखी केली, आणि बायकांबरोबर खाली बसून सांडलेले तांदूळ वेचू लागली. आईकडं तिनं परत पाहिलं नाही. विहीणबाईंनी प्रसंग ओळखून दमाम वाजवणाऱ्यांना खूण केली.

इनासिन परसात जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसली. काहीच बिघडलं नव्हतं. कवंद शाबूत, लेक शाबूत, लग्न उद्या. गप्प बसली असती तर कुणाला कधी कळलंही नसतं. आयुष्यात एकदा वेळेवर खरं बोलली, आणि तेवढ्यानं अख्ख्या दोन गावांत तिचं तोंड काळं झालं. तिला हसू येईना की रडू थांबेना.

काठी आपटत मांय आली. कठडा चाचपला, बसली.

"बोला," इनासिन म्हणाली. "तुमचंच राहिलंय."

पुढं फुगडीचा आवाज चढला, उतरला.

"तू लग्न होऊन आलीस तेव्हा माहेरची कवंद आणली होतीस," मांय म्हणाली. "मांडली कुणी होती? तुझ्या आईनं?"

"मीच. आई तेव्हा आजारी होती. पण तिचं आता काय?"

"वाटलंच होतं मला." मांयनं काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. "तेव्हा या वस्तीवर माझ्यासारखं मांडणारं कुणी नव्हतं. आणि तू एकोणीस वर्षांची, नाकाचा शेंबूड पुसता येत नव्हता धड, आणि खाटेवर ती पसरलीस. मी बघितली. पाहुण्यांना 'बरी आहे' म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही."

इनासिन तिच्याकडं वळली.

"दुसऱ्या दिवशी तुला समोरच्या कोपऱ्यात बसवलं आणि सुई दिली. तू तुकडा उचललास की मला कळायचं, बरोबरच उचललायस. म्हणून म्हणायची, ठेव तो खाली. मी बोलले नसते तर दोन वर्षांत मला कुणी विचारलं नसतं. आता डोळेच गेले. आता कुणाचा हेवा करू? म्हणून फेलसीला मांडू दिलं. तुझ्या हातात द्यायला मात्र त्या दिवशीसुद्धा जीभ वळेना माझी."

"बावीस वर्षं, मांय," इनासिन म्हणाली. "मला वाटायचं मला येतच नाही."

"हो."

"आता पोरगी म्हणते, आई, तू मांडलेलं आम्ही बघितलंच नाही. आणि खरंच बघितलं नाही हो कुणी! ती कवंद विरून गेली, तिची चिंधी राहिली नाही. मला स्वतःलाही आठवत नाही कशी होती ती."

"कडेनं जांभळी," मांय म्हणाली. बुबुळं समोर कुठंतरी लागलेली होती आणि बोटं काठीवर हळूहळू सरकत होती, जणू कापडावरून. "एकच पट्टी, दोन बोटांची. तिला लागून मोरपंखी. मग पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं चीट, तीन तुकडे, चौथा मुद्दाम उलटा लावलेला. पोटापाशी सगळं गडद नेलं होतंस, मला वाटलं चुकली पोर, आणि बरोब्बर मधे पोपटी."

"हळदी होता," इनासिन म्हणाली.

"पोपटी. वर्षभर बघत होते मी, तू पाण्याला गेलीस की."

इनासिननं डोळे मिटले आणि आठवून पाहिलं. बराच वेळ लागला. पोपटीच होता.